सायबर गुन्हा, मूलभूत हक्क आणि वकिलाचा सल्ला: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरच्या न्यायालयात वकिली करते. बचत गटाच्या बैठकीत, पालकसभेत, यंत्रमाग कारखान्याच्या पाळीत अर्धा तास सायबर गुन्ह्यांवर बोलून आले की पुढचे आठ दिवस फोनवर प्रश्न येत राहतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सायबर गुन्ह्यात फिर्यादी आणि संशयित यांच्यामधली भिंत फार पातळ असते. ज्याचे पैसे गेले त्याचेच खाते महिन्याभराने दुसऱ्या राज्यातले पोलीस गोठवतात, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून गुन्ह्याबद्दलची उत्तरे आणि हक्कांबद्दलची उत्तरे मी वेगळी ठेवलेली नाहीत.

1. सायबर गुन्ह्याला नेमका कोणता कायदा लागतो?

बहुतेक वेळा दोन. एक, माहिती तंत्रज्ञान कायदा 2000. दुसरा, 1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता. खोटी ओळख सांगून ऑनलाइन फसवले तर पहिल्या कायद्याचे कलम 66ड आणि दुसऱ्याचे कलम 318 (फसवणूक) एकत्र लागतात. कोणते कलम लावायचे ते पोलीस ठरवतात. तुम्ही घटना तारीखवार, खरी आणि पूर्ण सांगा. अर्जात कलमे लिहिली नाहीत म्हणून तक्रार कमजोर होत नाही.

2. खात्यातून पैसे गेले. आधी वकिलाकडे येऊ की पोलिसांकडे जाऊ?

दोन्हीच्या आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला फोन. हा आकडा सोलापूरकराला पाठ करायला लागू नये, आपल्याकडे मार्शल लॉ आला तेच हे साल. चार हुतात्म्यांची आठवण ठेवा, नंबर लक्षात राहील.

फोन लगेच का करायचा, तर पैसा एका खात्यात थांबत नाही. पहिल्या खात्यातून पाच-सहा खात्यांत, तिथून एटीएममधून रोख. मध्येच कुठे अडला तरच तो परत मिळायची आशा असते. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, रक्कम, वेळ आणि आपला खाते क्रमांक समोर ठेवा. तक्रारीचा पोचक्रमांक मिळतो, तो लिहून घ्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार टाकता येते. त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. माझ्याकडे दुसऱ्या दिवशी आलात तरी चालेल, 1930 ला दुसऱ्या दिवशी केलेला फोन बहुधा उशिराचा ठरतो.

3. आम्ही मोहोळचे, पैसे गेले तेव्हा सोलापुरात होतो. शहर म्हणतं ग्रामीणकडे जा, ग्रामीण म्हणतं शहरात जा. कुठे जायचं?

शहरासाठी पोलीस आयुक्तालय, बाकी जिल्ह्यासाठी ग्रामीणचे पोलीस अधीक्षक, दोन्हीकडे सायबर पोलीस ठाणे. त्यामुळे ही फेरफटक्याची तक्रार माझ्याकडे दर महिन्याला येते. कायद्यात उत्तर स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस आणि न्यायालयांच्या कामाची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने घ्यायची आणि नंतर योग्य ठाण्याकडे पाठवायची. ईमेलने खबर दिली तर 3 दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. नोंदलेल्या खबरीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

तीन वर्षे ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांची प्राथमिक चौकशी होऊ शकते, पण तेवढीच. नोंदच घेत नसतील तर पोलीस आयुक्तांना किंवा अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवा. तिथेही काही झाले नाही तर कलम 175(3) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. वकील लागतो तो इथे, आणि पहिल्या दोन अर्जांच्या पोचपावत्या असल्या तर त्याचे काम निम्मे होते.

4. ओटीपी मीच सांगितला. बँक म्हणते चूक तुमची. संपलं का सगळं?

नाही. 6 जुलै 2017 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने तीन गोष्टी वेगळ्या केल्या. चूक बँकेची असेल तर तुमची जबाबदारी शून्य. चूक ना तुमची ना बँकेची, यंत्रणेतच कुठे भोक होते, आणि तुम्ही 3 कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही शून्य. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेच्या माथी. म्हणून बँकेला किती वाजता कळवले याचा लेखी पुरावा हवा. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच टाकलेली आहे. सहकारी बँकांसाठी असेच परिपत्रक डिसेंबर 2017 मध्ये निघाले. आपल्या जिल्ह्यात सहकारी बँकांचे खातेदार भरपूर, म्हणून मुद्दाम सांगते.

बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. फारसा कुणाला ठाऊक नसलेला आणखी एक रस्ता आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 46 खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव न्यायनिर्णय अधिकारी असतात. 5 कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचा दावा त्यांच्यापुढे चालतो, आणि सुरक्षेत हलगर्जी केल्याचे दाखवता आले तर तो बँकेविरुद्धही करता येतो. वकिलाकडे गेलात तर हा पर्याय तुमच्या प्रकरणात बसतो का, असे नाव घेऊन विचारा.

5. ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यासमोरून उठू नका’ असा व्हिडिओ कॉल आला. खरंच असं करता येतं का?

करता येत नाही. भारताच्या कोणत्याही कायद्यात अशी अटक नाही. या फसवणुकीच्या इतक्या तक्रारी झाल्या की 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, डॉक्टर अशी शिकलेली माणसे यात अडकतात. कायदा पाळायची सवय असलेला माणूस ‘पोलीस’ म्हटल्यावर बसल्या जागी बसतो, आणि फसवणारा तीच सवय वापरतो. म्हणून खरी अटक कशी असते ते माहीत हवे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 नुसार अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. नातेवाइकाला कळवावे लागते. 6 नोव्हेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची. तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या आपल्या शहराला हा निकाल फार जवळचा आहे.

खऱ्या चौकशीला बोलवायचे असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची नोटीस येते. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही. तेव्हा फोन ठेवा, घरातल्या कुणाला तरी हाक मारा आणि 1930 ला कळवा. ‘कुणाला सांगू नका’ ही अट कोणताही खरा अधिकारी घालत नाही.

6. माझा टॉवेलचा धंदा आहे. गुन्ह्याशी संबंध नाही, तरी चालू खातं गोठवलं. बँक म्हणते परराज्यातल्या पोलिसांचा मेल आलाय. आता?

सध्या सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. होते असे: परगावच्या गिऱ्हाइकाने मालाचे 18,000 रुपये पाठवले. ते ज्या खात्यातून आले तिथे कुणाच्या तरी फसवणुकीचा पैसा आला होता. साखळी उलगडत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत आले, आणि 18,000 साठी सात-आठ लाखांचे खाते बंद झाले. शनिवारी कामगारांचा पगार. सुताचे पैसे द्यायचे. धनादेश परत.

पोलिसांना खाते अडवता येते, हे मान्य करून चाला. बँक खाते ही ‘मालमत्ता’ आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये, महाराष्ट्र सरकारच्याच एका अपिलात ठरवले. आता तो अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 मध्ये आहे. पण त्याच कलमात जप्तीचा अहवाल दंडाधिकाऱ्यांना तातडीने द्यायचे बंधन आहे, आणि गुन्ह्यातून आलेली मालमत्ता म्हणून कायमची टाच आणायची तर कलम 107 खाली न्यायालयाचा आदेश लागतो. 2023 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अशाच प्रकरणांत सांगितले की बंदी वादातल्या रकमेपुरती ठेवावी, अख्ख्या खात्यावर नको. ते न्यायालय दुसऱ्या राज्याचे असले तरी युक्तिवादाला उपयोगी आहे.

आधी बँकेला लेखी विचारा: कोणत्या ठाण्याचे पत्र, तारीख, तक्रारीचा पोचक्रमांक, वादातली रक्कम. तोंडी उत्तरावर घरी जाऊ नका. मग तपास अधिकाऱ्याला ईमेल करा, सोबत जीएसटी बिल, ई-वे बिल, वाहतुकीची पावती आणि गिऱ्हाइकाशी झालेले बोलणे जोडा. मागणी एवढीच ठेवा की वादातली रक्कम अडवून उरलेले खाते मोकळे करावे. पूर्ण खाते सोडा म्हणालात तर बऱ्याचदा काहीच सुटत नाही, हा माझा अनुभव.

अधिकारी उत्तर देत नसेल तर त्या ठाण्याच्या हद्दीतल्या दंडाधिकाऱ्यांकडे कलम 503 खाली अर्ज. ते न्यायालय हजार किलोमीटरवर असू शकते. मग उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 ची याचिका, आणि इथे आपल्याला एक सोय झाली आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले, सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आहे. खाते सोलापुरात, नुकसान सोलापुरात, म्हणजे कारणाचा काही भाग इथे घडला, असे अनुच्छेद 226(2) च्या आधारे म्हणता येते.

याचिकेत एक चूक वारंवार दिसते: ‘मालमत्तेच्या मूलभूत हक्कावर गदा’. मालमत्तेचा हक्क 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढला. तो आता अनुच्छेद 300अ मध्ये घटनात्मक हक्क आहे. मूलभूत हक्क मांडायचा तर अनुच्छेद 19(1)(छ), म्हणजे धंदा करण्याचा, आणि अनुच्छेद 21, ज्यात उपजीविका येते. मसुदा वाचताना हे एकदा तपासा.

7. मुलाने महिना पाच हजारांसाठी खातं मित्राला ‘वापरायला’ दिलं. त्याला कुठं माहीत होतं काय चाललंय?

माहीत नव्हते हे सांगता येईल, पण ते आपोआप मानले जाणार नाही. खाते, एटीएम कार्ड आणि सिम तिन्ही दिले असतील तर पोलीस त्याला टोळीचा भाग धरतात, आणि फसवणुकीच्या 318(4) ला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आजच बँकेला सांगून खाते थांबवा. मित्राशी झालेले संदेश पुसू नका, मुलाचा निर्दोषपणा बहुधा त्या संदेशांतच आहे. नोटीस आली तर हजर व्हा. हजर राहून सहकार्य करणाऱ्याला अटक करायची तर कारण लिहून ठेवावे लागते. मुलगा 18 च्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते, त्याला कोठडीत ठेवता येत नाही. इथे मात्र वकील पहिल्याच दिवशी हवा. शेवटचा, 15 वा प्रश्नही असाच घरातला आहे.

8. पोलीस फोन मागतात, पासवर्डही मागतात. द्यावाच लागतो का?

फोन जप्त करता येतो. पंचनामा हवा, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती-जप्तीचे चित्रीकरण हवे. पंचनाम्याची प्रत आणि त्यात फोनचा आयएमईआय क्रमांक मागा.

पासवर्डचा प्रश्न अवघड आहे आणि न्यायालयांत अजून एकमत नाही. अनुच्छेद 20(3) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींनी ठरवले की बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना ही ‘साक्ष’ नव्हे. 2010 च्या नार्को चाचणीच्या निकालाने मनातली गोष्ट जबरदस्तीने काढायला बंदी केली. मग पासवर्ड ठशासारखा की मनातल्या गोष्टीसारखा? मला तो दुसऱ्या प्रकारातला वाटतो, कारण तो फक्त डोक्यात असतो. पण हे माझे मत झाले. तुम्ही साक्षीदार आहात की संशयित हे आधी लेखी विचारा, आणि ‘वकिलाशी बोलून सांगतो’ म्हणा. असे म्हणणे हा गुन्हा नाही. फोन फोडू नका, रीसेट करू नका, तो मात्र गुन्हा होतो.

त्यात तुमचे खासगी फोटो, दवाखान्याचे कागद असतील याची काळजीही रास्त आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. तपासापुरतीच माहिती काढावी, असा अर्ज न्यायालयात करता येतो.

9. राजकीय पोस्ट टाकली म्हणून ‘66अ लावतो’ अशी धमकी मिळाली. मी ग्रुपचा ॲडमिनही आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ आता अस्तित्वात नाही. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यानंतर हे कलम न्यायालयात गेले आणि 24 मार्च 2015 रोजी ते घटनाबाह्य ठरले. कुणी आजही ते लावले तर त्याच मुद्द्यावर दाद मागा. म्हणजे काहीही लिहावे असे नाही. बदनामी, धमकी, समाजात तेढ यांची कलमे न्याय संहितेत शाबूत आहेत, अनुच्छेद 19(2) ने त्यांना जागा दिली आहे. मात्र 28 मार्च 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अभिव्यक्तीच्या प्रकरणांत, शिक्षा तीन ते सात वर्षांच्या टप्प्यातली असेल, तर गुन्हा नोंदवण्याआधी प्रश्न 3 मधली 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करणे योग्य.

ॲडमिनबद्दल: सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिन केवळ ॲडमिन म्हणून दोषी ठरत नाही, असे नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितले. समान हेतू किंवा आधीचा बेत दिसला तर गोष्ट वेगळी.

10. जुना मित्र माझे फोटो पसरवायची धमकी देतोय. तक्रार केली तर नाव बाहेर येईल ना?

पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगता करता येते. पण आरोपीला शिक्षा हवी असेल तर कधीतरी जबाब द्यावा लागेल, आणि या प्रकारच्या बहुतेक गुन्ह्यांत तो महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. फोटो आधीच टाकले असतील तर त्या ॲपकडे थेट तक्रार करा. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार असा मजकूर 24 तासांच्या आत काढावा लागे, फेब्रुवारी 2026 च्या दुरुस्तीनंतर तो 2 तासांतच काढावा लागतो. काढायला सांगण्याआधी पोस्टचा पत्ता (लिंक) आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. पैसे देऊ नका, पहिला हप्ता दिला की दुसरा मागतात. आणि बाई, यात तुझी चूक नाही. विश्वासाने दिलेला फोटो पसरवणारा गुन्हेगार असतो.

11. स्क्रीनशॉट कोर्टात चालतो का?

चालतो, पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चे प्रमाणपत्र सोबत लागते. त्याचे दोन भाग आहेत: एक फोन वापरणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. प्रमाणपत्र अनिवार्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी जालन्याच्या निवडणूक वादात पक्के केले, तेव्हा कलम जुने होते. मूळ संदेश फोनमध्येच ठेवा, फोन विकू नका.

12. वकील कसा निवडायचा? ‘पैसे परत आणून देतो, 30 टक्के द्या’ अशी जाहिरात दिसते.

ती जाहिरात पाहताच लांब राहा. वकिलाला जाहिरात करायला आणि निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. म्हणजे ती व्यक्ती एकतर वकील नाही किंवा नियम मोडणारी आहे. एकदा फसलेल्यांची यादी विकत घेऊन त्यांनाच दुसऱ्यांदा लुटणारे बरेच आहेत. वकिलाचा सनद क्रमांक विचारा, फी लेखी ठरवा, पावती घ्या.

परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातले जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, किंवा त्यांचा फोन 15100. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार मोफत वकिलासाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. मुले, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतली व्यक्ती यांनाही नाही. विडी वळणाऱ्या कितीतरी बायांना हे मी सांगते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही.

13. आमच्या पतसंस्थेला (शाळेला, सोसायटीला) वकिलाकडून मार्गदर्शिका लिहून घ्यायची आहे. काय सांगायचं?

आधी ठरवा, मत हवे की मार्गदर्शिका. मत म्हणजे एका ठरलेल्या घटनेवर लेखी उत्तर. मार्गदर्शिका म्हणजे रोज लागणारे पुस्तक. दोन्ही एकात मागितले की दोन्ही कच्चे राहते.

‘सायबर कायद्यावर काहीतरी लिहून द्या’ असे सांगू नका. गेल्या दोन वर्षांत तुमच्याकडे खरोखर काय घडले त्या दहा घटना नावे काढून लिहून द्या. पतसंस्थेत सभासदाचे खाते गोठवायचे पत्र आले तर कारकुनाने काय करावे, सभासदाला काय सांगावे? शाळेत मुलांचे बनावट फोटो फिरले तर फोन कोण तपासणार, आणि मुख्याध्यापकांना तो अधिकार आहे का? प्रत्येक घटनेला वकिलाने दोन उत्तरे द्यावीत: गुन्हा कसा नोंदवायचा, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याचे कोणते हक्क जपायचे. दुसरे उत्तर नसलेली पुस्तिका मी पाहिली आहे. एका संस्थेने तिच्या भरवशावर विद्यार्थ्याचा फोन दोन आठवडे कपाटात ठेवला, आणि पुढे अडचणीत संस्थाच आली.

दोन मुदती पुस्तिकेत हव्यातच. कंपन्या आणि संस्थांना सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा यंत्रणेच्या) 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर हल्ला कळल्यापासून 6 तासांत तिला कळवायचे असते. आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य बंधने त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. त्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागते, शाळांनी आत्तापासून अर्जाचे नमुने बदलावेत.

भाषेचा करार आधीच करा. पूर्व भागातल्या आजीला मराठी पुस्तिका देऊन उपयोग नाही, तेलुगू हवी. भाषांतर झाल्यावर वकिलाने ते पुन्हा तपासावे.

14. ती पुस्तिका आमची ना? हवी तितकी छापता येईल?

पैसे दिले म्हणून लेखनाचा हक्क (कॉपीराइट) आपोआप येत नाही, तो लेखकाकडेच राहतो. लेखी हस्तांतर करून घ्या आणि त्यात मुदत लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षेच धरतो. पहिल्या पानावर ‘या तारखेपर्यंतचा कायदा’ अशी ओळ छापा. 30 जून 2024 ची पुस्तिका दुसऱ्या दिवशी जुनी झाली होती, कलमांचे आकडेच बदलले.

15. पैसे गेले काकांचे, खातं भाड्याने दिलं पुतण्याने. दोघे एकाच घरात राहतात. एकच वकील चालेल का?

नाही. काका फिर्यादी, पुतण्या संशयित, दोघांचे हित एकमेकांच्या विरोधात. घर एकत्र राहावे म्हणून सगळे मिळून माझ्यासमोर बसतात, तेव्हा कुणालाच बोलू न देता मी आधी एवढेच विचारते की मी कुणाची वकील. कारण वकिलाला सल्ल्यासाठी सांगितलेली गोष्ट साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 ने गोपनीय असते, ती पोलिसांनाही सांगता येत नाही. पुढे गुन्हा करण्यासाठी सल्ला मागितला तर मात्र हे संरक्षण नाही. पुतण्याने मला खरे सांगितले आणि मी काकांची वकील असेन, तर एका बाजूचा विश्वास मोडावाच लागतो.

काकांना एक वकील, पुतण्याला दुसरा. पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणात दोघांचे अर्ज वेगवेगळे करा आणि दुसऱ्या अर्जावर स्पष्ट लिहा: ‘याच प्रकरणात नातेवाइकाला नेमलेले वकील सोडून’. तडजोडीची बोलणी नंतर दोन्ही वकिलांसमोर होऊ शकतात. तोपर्यंत काकांनी पुतण्याकडून ‘मी पैसे परत देतो’ असे काही कागदावर लिहून घेऊ नये, आणि पुतण्याने असल्या कागदावर सही करू नये.